व्यापारी दादाभाई आणि देशाचा जमाखर्च

व्यापारी मनुष्य विधिमंडळात जाऊन बसला की आपल्याकडे दोन शंका हमखास काढल्या जातात. पहिली अशी, की ही जागा त्याने पैशाच्या बळावर मिळविली असावी. आणि दुसरी अशी, की जागेसाठी केलेला खर्च तो आता आपल्या धंद्यातून व्याजासकट वसूल करील. या शंका अगदीच निराधार असतात असे कोणी म्हणणार नाही. जकात, परवाने, ठेके आणि कर यांच्याशी ज्याचा रोजचा संबंध, त्यानेच कायदे करण्याच्या जागी बसावे की नाही, हा लोकशाहीतला एक खरा आणि अवघड प्रश्न आहे. तो नुसत्या तत्त्वचर्चेने सुटेल असे आम्हांस वाटत नाही. त्यापेक्षा एखाद्या मोठ्या माणसाचे चरित्र समोर ठेवून, पेढीवर तो काय शिकला आणि विधिमंडळात त्याने त्याचा काय उपयोग केला, हे पाहिले तर काही हाती लागेल. या हेतूने आज आम्ही दादाभाई नवरोजी यांच्या चरित्राचा विचार मांडीत आहोत.

दादाभाई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात ते राष्ट्रपितामह: पांढरी दाढी, पारशी पद्धतीची पगडी आणि काँग्रेसचे तीन वेळचे अध्यक्षपद. शाळेच्या पुस्तकांतून त्यांचे प्राध्यापकपण येते, पार्लमेंटमधली निवड येते, ‘स्वराज्य’ हा शब्द येतो. मध्ये जी व्यापाराची वर्षे गेली, ती मात्र एखाद्या वाक्यात उरकली जातात; जणू काही प्राध्यापक आणि देशभक्त यांच्यामधला तो एक आडरस्ता होता. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. दादाभाईंनी इंग्रज सरकारपुढे सतत चाळीस वर्षे जी फिर्याद मांडली, ती मूलतः एका व्यापाऱ्याची फिर्याद होती. तिची भाषा जमाखर्चाची होती आणि तिचे बळही त्यातच होते.

दादाभाईंचा जन्म ४ सप्टेंबर १८२५ चा. घराणे पारशी उपाध्यायांचे, परिस्थिती गरिबीची. मूल चार वर्षांचे असताना वडील वारले आणि आई माणेकबाई हिने कष्टाने मुलाला वाढविले. तिला स्वतःला लिहितावाचता येत नव्हते, पण मुलाला शिकविण्याचा तिचा निश्चय पक्का होता. त्या काळी मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेतील शिक्षणाला फी पडत नसे, म्हणूनच हा मुलगा शिकू शकला. ही गोष्ट दादाभाई आयुष्यभर विसरले नाहीत. आपले शिक्षण लोकांच्या पैशावर झाले, तेव्हा ते लोकांचे आपल्यावर असलेले कर्ज आहे आणि ते लोकांनाच फेडले पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. व्यापारात पडण्यापूर्वीची ही त्यांची पहिली खतावणी. तिच्यात नावे बाजूला ते स्वतः होते आणि जमेच्या बाजूला समाज.

कर्जफेडीची सुरुवात त्यांनी लवकरच केली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व अध्यापकांनी जी ज्ञानप्रसारक चळवळ सुरू केली, तिच्यातून १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या. काही मराठी मुलींसाठी होत्या, काही पारशी मुलींसाठी. तेथे शिकविण्याचे काम दादाभाई आणि त्यांचे मित्र मोबदला न घेता करीत. मुलगी शिकली तर नवऱ्याच्या ताटात जेवण पडणार नाही असे म्हणणारे लोक दोन्ही समाजांत भरपूर होते. १८५१ साली त्यांनी ‘रास्त गोफ्तार’ म्हणजे ‘सत्यवक्ता’ हे गुजराती पत्र काढले. पुढे एल्फिन्स्टनमध्येच गणित आणि पदार्थविज्ञान या विषयांचे ते प्राध्यापक झाले. त्या संस्थेत एवढ्या जागेवर चढलेला हा पहिला हिंदी मनुष्य. वय तिशीच्या आत, पगार चांगला, मान मोठा. एखाद्याने येथेच समाधान मानले असते.

परंतु १८५५ साली कामा घराण्याने लंडन आणि लिव्हरपूल येथे पेढी काढण्याचे ठरविले आणि दादाभाईंना भागीदार म्हणून बोलाविले. विलायतेत निघालेली ही पहिलीच हिंदी पेढी. गणिताचा प्राध्यापक दुकानदार होतो हे अनेकांना खटकले. दादाभाईंना मात्र ते खटकले नाही. इंग्रज आपल्या देशात येऊन व्यापार करतो आणि त्या व्यापाराच्या पाठोपाठ राज्य करतो; तेव्हा हिंदी माणसाने त्याच्या देशात जाऊन त्याचा बाजार, त्याचे लोक आणि त्याचे पार्लमेंट जवळून पाहिले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती.

लिव्हरपूल हे त्या काळी कापसाचे जगातील मोठे बंदर होते. कापसाच्या गाठीची मूळ किंमत, तिचे जहाजभाडे, विमा, आडत, हुंडणावळ, व्याज आणि शेवटी राहणारा नफा, हे सगळे एका बाजूला मांडून दुसऱ्या बाजूला वसुली मांडावयाची आणि दोन्ही बाजूंचा मेळ घालावयाचा, हा तेथल्या पेढीचा रोजचा उद्योग. कोठे मेळ बसला नाही तर व्यापारी नशिबाला दोष देत नाही. तो चोपडी पुन्हा उघडतो आणि रक्कम कोठे गळाली ते शोधतो. प्राध्यापकाच्या गणिताला ही सवय जडली, आणि ती पुढे फार कामास आली.

पण त्या आधीच एक प्रसंग घडला. कामा पेढीचा काही नफा अफूच्या आणि दारूच्या व्यवहारातून येत असे. दादाभाईंना तो वाटा घेणे रुचेना. भागीदारांशी वैर नव्हते, पेढी चांगली चालली होती, आणि त्या काळच्या मुंबईत अफूचा व्यापार करणाऱ्याला कोणी नावे ठेवीत नसे. उलट त्यातून मोठमोठ्या देणग्या निघत. असे असताही १८५८ साली दादाभाईंनी भागीदारी सोडली, आणि पुढच्या वर्षी स्वतःच्या नावाची वेगळी पेढी उघडून कापसाचा व्यापार सुरू केला. एखाद्या धंद्यातला नफा चोख असला तरी तो कोणाच्या घरातून आला हे पाहिल्याशिवाय तो पदरात घ्यावयाचा नाही, हा नियम त्यांनी प्रथम स्वतःला लावला. साम्राज्याला लावला तो त्यानंतर. हा क्रम आम्हांस महत्त्वाचा वाटतो.

स्वतःची पेढी काही वर्षे बरी चालली. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत त्या पैशाने जो धुमाकूळ घातला तो प्रसिद्धच आहे. समुद्र हटविण्याच्या कंपन्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि कारकुनापासून शेठियापर्यंत जो तो शेअरांच्या मागे लागला. १८६५ मध्ये युद्ध थांबले, भाव कोसळले, आणि मोठमोठी घराणी एका उन्हाळ्यात बसली. या पडझडीत दादाभाईंची पेढीही सापडली आणि बुडाली. पैसा गेला, पत राहिली. १८६९ मध्ये ते मुंबईस परतले तेव्हा लोकांनी त्यांना मानपत्र आणि थैली दिली. दिवाळे निघालेल्या व्यापाऱ्याचा असा सत्कार सहसा होत नाही. लोकांना त्यांच्या सचोटीची खात्री होती, म्हणूनच तो झाला.

याच काळात त्यांच्या खऱ्या कामाला आरंभ झाला होता. १८६६ साली त्यांनी लंडनमध्ये ईस्ट इंडिया असोसिएशन स्थापन केली आणि १८६७ पासून तिच्यापुढे ते हिंदुस्थानच्या सांपत्तिक स्थितीवर निबंध वाचू लागले. हिंदुस्थानचा पैसा बाहेर जातो ही कल्पना त्यांनी प्रथम काढली असे नव्हे. १८४१ सालीच भास्कर पांडुरंग तर्खडकर यांनी मुंबईच्या इंग्रजी पत्रात टोपणनावाने पत्रे लिहून इंग्रजी राज्यावर हाच आरोप जळजळीत भाषेत केला होता. मराठी माणसाने हे विसरू नये. परंतु आरोप वेगळा आणि हिशेब वेगळा. आरोपाला सरकार रागाने उत्तर देऊ शकते. हिशेबाला उत्तर द्यावयाचे तर सरकारलाही आपली चोपडी उघडावी लागते. दादाभाईंनी केले ते हेच.

त्यांचा मुद्दा पेढीवरच्या कोणाही मुनिमाला समजेल इतका सरळ होता. समजा, एका गावाने शहराला शंभर रुपयांचा माल पाठविला. वाटखर्च आणि नफा धरता त्या गावात माल अथवा रोकड मिळून शंभराहून काही अधिकच परत यावयास हवे. सुदृढ देशाच्या व्यापाराचे हेच लक्षण असते. त्याच्या निर्यातीपेक्षा आयात नफ्याइतकी जास्त असते, आणि खुद्द इंग्लंडचे आकडे तसे होतेही. आता त्या गावात दरवर्षी शंभराच्या बदल्यात सत्तर-ऐंशीच परत येऊ लागले, तर शहाणा मनुष्य विचारील, की बाकीचे गेले कोठे? शहराने त्या गावावर जो कारभारी नेमला आहे, त्याचा पगार, त्याचे पेन्शन, त्याच्या शहरातल्या कचेरीचा खर्च आणि त्याने काढलेल्या कर्जाचे व्याज यांत ते वळते झाले, असे उत्तर मिळेल. हिंदुस्थानच्या बाबतीत या खर्चाला ‘होम चार्जेस’ असे गोंडस नाव होते. गोऱ्या अधिकाऱ्यांची खाजगी बचत मायदेशी जाई ती त्याहून वेगळी. या सगळ्याला दादाभाईंनी निःसारण म्हटले, म्हणजे शरीरातून रक्त काढून न्यावे तसे देशातून धन काढून नेणे.

येथे त्यांची व्यापारी दृष्टी आणखी एका ठिकाणी दिसते. आगगाड्यांसाठी परदेशी भांडवल आले याला त्यांची हरकत नव्हती. अमेरिकेनेही परक्यांचे कर्ज काढूनच आगगाड्या बांधल्या होत्या. पण तेथे कर्जाचे व्याज तेवढे बाहेर जाई. पगार, ठेके आणि अनुभव घरातच राहत. येथे भांडवलाला सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिलेली, तूट पडली तर ती रयतेने भरावयाची, आणि वरच्या जागा सगळ्या बाहेरच्यांच्या. दादाभाई असेही म्हणत, की पैशाबरोबर शहाणपणही बाहेर जाते. मुनीम पंचवीस वर्षे पेढीवर काम शिकला आणि नेमका पोक्त झाला की पेन्शन घेऊन परगावी निघून गेला, तर त्या पेढीत पुढच्या पिढीला शिकविणार कोण? गोरा अधिकारी जातो तेव्हा त्याचा अनुभवही हिंदुस्थानच्या हिशेबातून वजा होतो, असे ते दाखवून देत.

१८७३ साली हिंदुस्थानच्या जमाखर्चाची चौकशी करणाऱ्या पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांची साक्ष झाली. तेथे त्यांचे आकडे सदस्यांनी फारशा सहानुभूतीने ऐकले नाहीत. तेव्हा ते घरी बसले नाहीत. तेच आकडे वाढवून, तपासून, १८७६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘हिंदुस्थानचे दारिद्र्य’ या विषयावरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला. प्रांतवार लागवडीची जमीन, दर एकरी पीक, त्या पिकाचा बाजारभाव, यांवर मीठ, अफू, कोळसा, कारागिरी यांची भर घालून त्यांनी असा हिशेब काढला, की ब्रिटिश हिंदुस्थानात दर माणशी वार्षिक उत्पन्न सुमारे २० रुपये पडते. नुसत्या आकड्याने श्रोत्याच्या मनावर काही उमटत नाही, हे प्राध्यापकाला ठाऊक होते. म्हणून त्याशेजारी त्यांनी सरकारच्याच अहवालातला दुसरा आकडा ठेवला. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्राला सरकारला वर्षाला किती खर्च येतो? वायव्य प्रांतात सुमारे २२ रुपये, बंगाल्यात सुमारे ३१, मुंबई इलाख्यात सुमारे ४७. याचा अर्थ असा, की देशातले सगळे उत्पन्न सर्वांना अगदी सारखे वाटले, तरीही गुन्हा न केलेल्या माणसाच्या वाट्याला गुन्हेगाराइतकेसुद्धा येत नव्हते. यावर दादाभाईंना आवाज चढविण्याची गरजच राहिली नाही.

या हिशेबात त्रुटी नव्हत्या असे नाही. त्यांनी प्रत्यक्ष वस्तूंचेच उत्पादन धरले; वकील, वैद्य, हमाल, नोकर यांच्या सेवेचे मोल धरले नाही, ही गोष्ट पुढच्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिली. इंडिया ऑफिसमधील डॅनव्हर्स या अधिकाऱ्याने १८८० साली त्यांच्या आकड्यांवर टिपण काढले, तेव्हा दादाभाईंनी त्याला कलमवार उत्तर दिले. १८८२ मध्ये सरकारी हिशेबाने दर माणशी उत्पन्न २७ रुपये काढण्यात आले. १९०१ साली लॉर्ड कर्झनने ते ३० वर नेले. पण श्रोत्यांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाद वीस की सत्तावीस की तीस, एवढ्यावर येऊन ठेपला होता. हिंदुस्थान हा अपार संपत्तीचा देश आहे आणि इंग्रजी राज्यात तो अधिकच सुखी झाला आहे, ही जुनी कहाणी सांगण्याची सोय सरकारला राहिली नव्हती.

अफूचा धागाही याच निबंधांतून पुन्हा वर येतो. चीनला अफू विकून जो नफा होई, तो हिंदुस्थानच्या खात्यात दिसे; आणि त्यामुळे देशाची गळती प्रत्यक्षाहून कमी भासे. दादाभाईंनी हे झाकण काढले. एका देशाची तूट भरून काढण्यासाठी दुसऱ्या देशाला विष पाजले जात आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. ज्याने स्वतः १८५८ मध्ये अफूचा वाटा नाकारला होता, त्यालाच हे लिहिण्याचा अधिकार होता. तो वाटा घेऊन पुढे देशभक्तीची व्याख्याने दिली असती, तर कोणी ना कोणी हे वाक्य त्यांच्या तोंडावर परत फेकले असते.

मधल्या काळात त्यांनी कारभाराचाही अनुभव घेतला. १८७४ साली मल्हारराव गायकवाडांचे दिवाण म्हणून ते बडोद्यास गेले; पण एकीकडे दरबारातली कारस्थाने आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर याचा विरोध, यांच्यामध्ये थोड्याच काळात राजीनामा देऊन परतले. मुंबईच्या नगरपालिकेत काम केले, १८८५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात बसले. तरीही त्यांचे लक्ष वेस्टमिन्स्टरकडे होते. त्याचे कारणही व्यापारी आहे. तक्रार मुनिमाकडे करून उपयोग नसतो, ती धन्याकडे करावी लागते. आणि हिंदुस्थानचा धनी त्या वेळी व्हाइसरॉय नव्हता, पार्लमेंट होते.

१८८६ साली त्यांनी लंडनच्या होबर्न मतदारसंघातून उदारमतवादी पक्षातर्फे निवडणूक लढविली आणि १९५० विरुद्ध ३६५१ मतांनी ते पडले. १८८८ च्या नोव्हेंबरात एडिंबरो येथील भाषणात पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी यांनी या पराभवाचा उल्लेख करून, इंग्रज मतदारसंघ एखाद्या काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ अजून आलेली नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले. या उद्गारांचा परिणाम उलटा झाला. विलायतेतील उदारमतवादी पत्रे चवताळून उठली, दादाभाईंच्या सन्मानार्थ मेजवानी झाली, आणि ज्याचे नाव चार लोकांना ठाऊक नव्हते ते देशभर झाले. वर्णाने दादाभाईच सॅलिसबरीसाहेबांपेक्षा उजळ आहेत, असे लोक थट्टेने म्हणू लागले.

त्यानंतर सेंट्रल फिन्सबरी. क्लार्कनवेलचा हा भाग घड्याळजी, सोनारकाम करणारे, छापखान्यांतले कामगार, छोटे दुकानदार यांनी भरलेला. तेथे उमेदवारीवरून स्वपक्षातच तंटे लागले आणि ते वर्षानुवर्षे चालले. दादाभाई साठी उलटून गेलेले; पण दारोदार जाण्यात, सभा घेण्यात, पत्रांना उत्तरे देण्यात त्यांनी कसूर केली नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी त्यांच्या बाजूने पत्र लिहिले. १८९२ च्या निवडणुकीत मते मोजली तेव्हा दादाभाईंना २९५९ आणि हुजूरपक्षाच्या कॅप्टन पेंटन यांना २९५६ पडली होती. तीन मते! तेव्हापासून विलायतेतले विनोदी लोक ‘नवरोजी’ या नावावर कोटी करून त्यांना ‘नॅरो-मेजॉरिटी’ म्हणू लागले.

दादाभाई हे पार्लमेंटात गेलेले पहिले हिंदी गृहस्थ असे आपण म्हणतो, त्याला एक टीप जोडली पाहिजे. १८४१ साली सरधन्याच्या बेगम समरूचा वारस डाइस साँबर हा सडबरीहून निवडून आला होता. त्याच्या अंगात हिंदी रक्त होते आणि गाठीला बेगमेची अफाट दौलत होती. पण मतदारांना लाच चारल्याचे ठरून १८४२ मध्ये ती निवडणूकच रद्द झाली. पैशाने घेतलेली जागा वर्षभरही टिकली नाही. पेढी बुडालेल्या माणसाने मिळविलेली जागा मात्र इतिहासात कायम झाली. त्या काळी, आणि पुढे १९११ पर्यंत, पार्लमेंटच्या सभासदाला पगार मिळत नसे, हेही ध्यानात घ्यावे.

तीन मतांची ही जागा दादाभाईंनी कशासाठी वापरली? कापसावरील जकातीसाठी नव्हे की मुंबईच्या गिरण्यांसाठी नव्हे. आयर्लंडच्या स्वराज्याला त्यांनी पाठिंबा दिला, कारण आपल्याला जे हवे ते दुसऱ्याला नाकारावयाचे नाही, हा त्यांचा बाणा. आणि मुख्य काम म्हणजे सनदी नोकरीच्या परीक्षा. परीक्षा फक्त लंडनमध्ये होत, म्हणजे हिंदी तरुणाने आधी समुद्र ओलांडावयाचा, हजारो रुपये खर्चावयाचे आणि मग नापास होण्याचा धोका पत्करावयाचा. इंग्लंडात आणि हिंदुस्थानात एकाच वेळी परीक्षा घ्याव्या, असा ठराव २ जून १८९३ रोजी कॉमन्स सभेत ८४ विरुद्ध ७६ मतांनी मंजूर झाला. काही लोकांना हा सुशिक्षितांच्या नोकऱ्यांचा प्रश्न वाटला. दादाभाईंच्या मते तो गळती बुजविण्याचा पहिला उपाय होता. मोठा पगार घेणारा मनुष्य देशातला असला की पगारही देशात राहतो आणि अनुभवही.

पुढे काय झाले ते सांगितले पाहिजे. सरकारने तो ठराव बाजूस ठेवला. अशा परीक्षा हिंदुस्थानात प्रत्यक्ष सुरू झाल्या त्या १९२२ साली, म्हणजे ठरावानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आणि दादाभाईंच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी. पार्लमेंटने दिलेली हुंडी न वटताच परत आली. १८९५ च्या निवडणुकीत दादाभाईंची जागाही गेली. त्याच वर्षी नेमलेल्या वेल्बी कमिशनवर मात्र त्यांना घेण्यात आले. हिंदुस्थानच्या खर्चाचाच हिशेब तपासणारे हे मंडळ. त्याच्यापुढे साक्ष देण्यासाठी १८९७ मध्ये पुण्याहून गोपाळराव गोखले आणि मुंबईहून दिनशा वाच्छा गेले. पुढे वरिष्ठ कायदे कौन्सिलात गोखल्यांची अंदाजपत्रकावरची जी भाषणे गाजली, त्यांत आकडा सरकारचा आणि निष्कर्ष आपला ही जी पद्धत दिसते, तिचे मूळ आम्हांस दादाभाईंच्या निबंधांत दिसते.

१९०१ साली त्यांचे सगळे लेख एका मोठ्या ग्रंथात बांधले गेले. इंग्रजांच्या न्यायबुद्धीवर त्यांचा विश्वास होता, यावरून पुढच्या पिढीने त्यांना भोळे ठरविले. हा विश्वास होता हे खरे. पण तो घेणेकऱ्याचा विश्वास होता. देणेदार सुखवस्तू आहे, दस्तऐवजावर त्याची सही आहे, तेव्हा तगादा लावला तर तो देईल, असे मानून घेणेकरी चोपडी घेऊन दारी जात राहतो. १८६७ पासून दादाभाई असे जात राहिले. चाळीस वर्षे तगादा लावूनही देणे चुकते होत नाही असे दिसल्यावर, १९०६ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, कलकत्त्याच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून त्यांनी ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारला. आवाज क्षीण झाल्याने त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचून दाखविले. लोकमान्यांच्या लेखणीत हा शब्द आधीपासून होता. पण सर्वांत सौम्य आणि सर्वांत वडील पुढाऱ्याने काँग्रेसच्या व्यासपीठावरून तो मागितला, याला वेगळे वजन होते. ज्याने कामा पेढीची भागीदारी सोडली होती, त्याने आता आपल्या देशाचा कारभार देशाच्याच हाती द्या असे सांगितले. हिशेब पुरता पाहिल्यावर त्याला दुसरा मार्ग उरला नव्हता. पुढे ते मुंबईजवळ वेसाव्यास येऊन राहिले आणि ३० जून १९१७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे वळू. व्यापाऱ्याने विधिमंडळात जावे की नाही? दादाभाईंच्या चरित्रावरून आमचे मत असे झाले आहे, की जावे. पण तेथे जाताना त्याने आपली थैली घरी ठेवावी आणि खतावणी बरोबर न्यावी. पैसा असलेले लोक विधिमंडळाला कधीच कमी पडत नाहीत. कमी पडतात ते आवक-जावक ताडून पाहणारे, तूट दिसली की ती कोणाच्या खिशात गेली असे विचारणारे आणि उत्तर मिळेपर्यंत उठून न जाणारे लोक. ही सवय व्यापारात लागते, आणि ती लोकांच्या उपयोगी आणता येते.

मात्र त्यासाठी एक अट आहे, आणि ती सोपी नाही. दुसऱ्याचा हिशेब मागणाऱ्याची स्वतःची चोपडी आधी कोणालाही उघडून पाहता आली पाहिजे. दादाभाईंनी ही अट १८५८ सालीच, कोणी मागितली नसताना, पुरी केली होती. आपल्या गावच्या पालिकेपासून दिल्लीच्या संसदेपर्यंत आपण ज्यांना निवडून देतो, त्यांच्याकडे मत मागण्याच्या वेळी हीच एक चोपडी पाहण्यास मागावी. ती पाहण्याचा हक्क मतदाराचा आहे, आणि तीन मतांनीही निकाल फिरतो हे फिन्सबरीने दाखविले आहे.